मेव्हण्याच्या राजदूतची सुधारणा

१५ ऑगस्ट १९८२, रविवार
झेंडावंदन झालं. घरी येऊन संकल्प केला. येत्या दिवाळीच्या सुटीत मोटरसायकलने हिंगणघाट ते कन्याकुमारी. वाटेत हैदराबाद. सोबत शेजारचे महादेवराव. ते कापसाच्या जिनिंगमध्ये आहेत, त्यांना सुटी मिळेल. बहुतेक.

गाडी राजदूत. मालक ओमप्रकाश, म्हणजे सुलोचनाचा धाकटा भाऊ. फौजेत आहे, सध्या आसामकडे. जूनमध्ये गाडी आमच्या ओसरीत ठेवून गेला. जाताना म्हणाला, "भाऊजी, हप्त्यातून एकडाव किक मारजा, बस. बाकी काई करू नोका."

'बाकी काई' यात कन्याकुमारी येते का, यावर दुपारभर विचार केला. येत नसावी. त्याने तसं नाव घेतलं नव्हतं.

प्रेरणा मे महिन्यातली. नागपूरला जाताना यष्टी जामच्या चौकात थांबली. तिथे हॉटेलसमोर एक गोरा उभ्याउभ्या चहा पीत होता. जर्मन असावा. त्याच्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंना पेट्या, समोर पारदर्शक काच, पायांपुढे लोखंडी कठडा, गादीसारखं सीट. मी तिकिटाच्या पाठीमागे स्केच काढून घेतलं. ड्रॉइंग मास्तर असण्याचा हा फायदा. गोरे लोक विकत घेतात, आपण बनवू शकतो.

२२ ऑगस्ट
सगळी ड्रॉइंग्ज तयार. समोरून, बाजूने, वरून. शाळेचे कागद वापरले. काम ड्रॉइंगचंच आहे, तेव्हा हरकत नाही. तरी दार लावून काढली.

सुलोचनाने विचारलं, ओम काय सांगून गेला होता? म्हटलं, किक मारायचीच तयारी चालू आहे. ती म्हणाली, "किक माराले कागद काऊन लागते?" नियोजन म्हणजे काय, हे घरात कोणाला ठाऊक नाही.

२९ ऑगस्ट
पेट्या बसल्या. गोडेतेलाचे दोन रिकामे पिपे, वर झाकण, झाकणाला कडी. रंग दिल्यावर हुबेहूब जर्मन. पिपे तितके रिकामे नव्हते, त्यात ज्वारी होती. ती उशांच्या अभ्र्यांत भरून ठेवली. सुलोचना बाजारातून आल्यावर सांगणार होतो, पण ती त्याआधी आडवी झाली आणि मग सांगायची गरज उरली नाही.

वेल्डिंगवाला तानबा. माझ्याइतकाच उत्साही. त्याने विचारलं, बोल्ट लावू का वेल्ड मारू? मी म्हटलं, वेल्ड. बोल्ट म्हणजे डळमळीत मनाची वस्तू. तानबाला हे वाक्य इतकं आवडलं की त्याने दोन टाके जास्तीचे मारले. त्या आचेने मागच्या मडगार्डचा रंग थोडा करपला. तळहाताएवढा. ओमप्रकाश उंच माणूस आहे, वरून दिसणार नाही.

जेवण गेलं नाही. उकाडा असावा.

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. एक नारळ मिळाला.

पायांपुढचा कठडा झाला. आमच्या लोखंडी पलंगाच्या पायथ्याची नळी कामी आली. आता पलंग जरा उतरता झाला आहे. पायाकडे उतार असल्याने रक्ताभिसरण सुधारतं. सुलोचनाला पटलं नाही. तिने गादी खाली घातली. मी एकटा उतारावर.

१२ सप्टेंबर
आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा. पण नको.

लिहितो. काच हवी होती. काच फुटते, म्हणून प्लास्टिक. आणि एक्सरेचे फोटो म्हणजे मुळात उत्तम प्लास्टिकच. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवले की काळं निघून जातं, आरपार दिसतं. हे मला मुलांच्या हस्तकलेमुळे ठाऊक.

कपाटावर सासूबाईंचे दोन एक्सरे होते. आनंदाबाई रोहण्याला राहतात. उन्हाळ्यात गोठ्यात पाय घसरून पडल्या, उजव्या खुब्याला चीर गेली. वर्ध्याला दाखवलं तेव्हापासून फोटो आमच्याकडेच. आता त्या काठी घेऊन चालतात. म्हणजे हाड जुळलं. जुळलेल्या हाडाचा तुटका फोटो ठेवून काय करायचं? उगाच वाईट आठवण.

पहिला फोटो स्वच्छ निघाला. दुसरा अर्धा झाला तोच सुलोचना आली. काय करून राह्यले म्हणून विचारलं. मी म्हटलं, जुनं प्लास्टिक धुतो आहे. खोटं नव्हे. जुनं होतं, आणि प्लास्टिकच होतं.

दुसरा तसाच राहिला. डाव्या बाजूला खुबा, उजवीकडे आरपार. दोन्ही जोडून हँडलवर रिव्हेट मारले. वाऱ्याला थोडं फडफडतं.

सासूबाई मला फार जीव लावतात. हे इथे का लिहिलं, कळत नाही.

१९ सप्टेंबर
सीट. महादेवरावांनी जिनिंगमधून चांगला लांब धाग्याचा कापूस आणला. गच्च भरला. त्यांनी बसून पाहिलं, म्हणाले, "मास्तर, लोडावर बसल्यासारखं वाटून राह्यलं." माझे पाय आता जमिनीला टेकत नाहीत. उंचावरून देश चांगला दिसतो.

२ ऑक्टोबर, शनिवार
ट्रायल टूर. हिंगणघाट ते जाम. जिथे त्या जर्मनने चहा घेतला, तिथेच चहा घ्यायचा.

दुपारी निघालो. महादेवरावांच्या घरून त्यांना ओवाळण्यात आलं. माझ्या घरून कोणी बाहेर आलं नाही. गावाबाहेर पडेपर्यंत उत्तम. मग पावसाची एक सर आली, आणि एक गोष्ट लक्षात आली की कापूस पाणी पितो. सीट वाढत नाही, जड होतं. बसल्या जागी आंघोळ.

जामला पोहोचलो. थांबायचं होतं. थांबायला पाय टेकावे लागतात, आणि पाय टेकत नव्हते. चौकाला एक फेरी मारली. मग आणखी मारल्या. लोक जमू लागले. महादेवराव "मास्तर, मी उतरतो" म्हणाले आणि चालत्या गाडीवरून उतरले. उतरल्यावर थोडे लोळले. मी शेवटी पुनाजी भजेवाल्याच्या ठेल्याला टेकून थांबलो. टेकणं जरा जोरात झालं. कढई वाचली, पण कालवलेलं बेसन सगळं रस्त्यावर. हेडलाइटची काच फुटली. पुनाजी जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. मी मास्तर आहे.

संध्याकाळचं ऊन समोरच्या प्लास्टिकमधून आलं आणि सासूबाईंचा डावा खुबा चांगला ठळक दिसू लागला. एक म्हातारी पुढे आली. रामबाई म्हणून तिला लोक हाक मारत होते. तिने विचारलं, "दवाखान्याची गाडी हाये का बापू? मायाई गुडघा पाहून द्या." मी नाही म्हटलं. तिला वाटलं, रांग आहे. लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून खाली बसून राहिली. तिच्यामागे आणखी दोघीजणी बसल्या.

ट्रकमध्ये गाडी चढवून परतलो. चहा राहूनच गेला.

ट्रायल यशस्वी. चुका कळाव्यात म्हणूनच ट्रायल असते.

१० ऑक्टोबर
ओमप्रकाशचं अंतर्देशीय आलं. आई कशी आहे, ताई कशी आहे, थंडी पडू लागली आहे. शेवटी, "गाडीची याद येते. तुमच्यापाशी हाये म्हणून फिकर नाई."

उत्तर लिहिलं. 'गाडी पूर्वीपेक्षा भारी झाली आहे.' एकही शब्द खोटा नाही. महादेवराव आणि मी मिळूनही ती स्टँडवर चढत नाही.

नवीन हेडलाइट मिळाला नाही. सध्या तिथे सायकलचा आहे.

२० ऑक्टोबर
तार. मी तार पाहून घाबरत नाही. हात ओले होते म्हणून ती पडली.

ओमप्रकाशला दिवाळीची रजा मंजूर. आईला कामठीला नेणार. तिथे त्याच्या ओळखीचे एक रिटायर फौजी डॉक्टर आहेत, घरीच तपासतात, हाडांतले मोठे जाणकार. एक्सरे तयार ठेवा.

सुलोचना म्हणाली, एक्सरे कपाटावर आहे ना? मी म्हटलं, घरातच आहे.

२१ ऑक्टोबर
निश्चय: सगळं काढून गाडी होती तशी करायची. आजच.

तानबाकडे गेलो. त्याने सगळीकडून ठोकून पाहिलं आणि अभिमानाने म्हणाला, "हे आता निघत नाई मास्तर. कापलं त गाडीच कापली जाईन. तुमीच म्हटलं व्हतं, बोल्ट नाई पायजे." माझं वाक्य त्याने दुकानात बसलेल्या लोकांना पुन्हा म्हणून दाखवलं. लोकांनी माना डोलावल्या.

कन्याकुमारी पुढच्या वर्षी. यंदा तिकडे गर्दी असेल.

२४ ऑक्टोबर, रविवार
महादेवरावांनी त्यांच्या भावाच्या छातीचा एक्सरे देऊ केला. डॉक्टर जाणकार आहेत, ते छाती ओळखतील असं मी म्हटलं. महादेवरावांना तसं वाटत नव्हतं.

मग एकाएकी सुचलं. मी चित्रकार आहे. शाळेत मला मास्तर म्हणतात, पण मुळात मी चित्रकार आहे. अर्धा फोटो, एका बाजूचा खुबा, शिल्लक आहे. दुसरा अर्धा त्याच्यासारखाच असणार. निसर्गात सगळं जोडीने असतं.

प्लास्टिकचे रिव्हेट काढले. काळा पोस्टर कलर. हाड तसंच सोडायचं, भोवती काळं भरायचं, कडेला पातळ करत न्यायचं. डावीकडचं ट्रेस करून उलटं घेतलं. सुलोचना देवळात गेली होती. ती येईपर्यंत सुकलंही.

खरं सांगायचं तर मूळ फोटोपेक्षा सुबक झालंय. मूळ फोटोत ती चीर होती, ती दिसायला बरी नव्हती. चीर काढावी का, हा प्रश्न होता. कुठे होती ते नीट आठवेना. अंदाजाने काढणं अप्रामाणिक झालं असतं. म्हणून नाही काढली.

दुसरा फोटो हरवला असं सांगायचं.

२७ ऑक्टोबर, दसरा
सासूबाई आल्या. आता दिवाळीपर्यंत इथेच. यष्टीतून उतरताना माझा हात धरला. हात घट्ट धरतात. उजवा पाय टेकताना तोंडाने बारीक आवाज होतो, आणि तो ऐकू जाऊ नये म्हणून त्या लगेच काहीतरी बोलतात. आज त्या बऱ्याच बोलल्या.

ओसरीत गाडी पाहून म्हणाल्या, "अगो माय, ट्रॅक्टर घेतला का जवाईबापू?" मी म्हटलं, ओमप्रकाशचीच आहे, थोडी सुधारली. त्या म्हणाल्या, "तुमी हात लावला म्हणजे चांगलंच केलं असन."

संध्याकाळी सोनं द्यायला आलेल्या शेजारणीला सांगत होत्या, उन्हाळ्यात जवाईबापू नसते तर मी गोठ्यातच राह्यली असती. त्यांनीच उचलून बैलगाडीत ठेवलं.

मी बाहेर जाऊन बसलो. डोळ्यांत धूर गेला होता. चूल पेटली नव्हती.

३ नोव्हेंबर
सासूबाईंनी माझ्या शर्टाची बटणं लावून दिली. मागितलं नव्हतं.

खुब्याच्या कामाबद्दल आता काही वाटत नाही. सवयीने होतं.

१० नोव्हेंबर, बुधवार
ओमप्रकाश आला. आईच्या पाया पडला, ताईच्या, मग माझ्या. मग ओसरीत गेला.

गाडीभोवती एक फेरी मारली. पिपे पाहिले. पलंगाची नळी पाहिली, बहुधा ओळखली, कारण तो लहानपणी त्या पलंगावर झोपत असे, सुलोचनाच्या लग्नात तो रोहण्याहून आमच्याकडे आला. मडगार्डवरच्या करपलेल्या जागी अंगठा फिरवला. उंच माणसं वाकतात, हे मी धरलं नव्हतं.

म्हणाला, "लय मेहनत केली भाऊजी."

मला एकदम हलकं वाटलं. आवडलं त्याला! कारागिरी समजणारा माणूस आहे. रात्रीच्या जेवणाला दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. नंतर सुलोचनाने सांगितलं की तो परसात जाऊन बराच वेळ पेरूच्या झाडाकडे तोंड करून उभा होता.

पेरूला यंदा बहर चांगला आहे.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
कामठी. ओमप्रकाश, सासूबाई, मी. यष्टीने. मी जायची गरज नव्हती, पण सासूबाई म्हणाल्या, जवाईबापू पायजेत.

बस उडाली की त्या माझा दंड धरत. पाकीट माझ्या मांडीवर. नागपूर येईपर्यंत तीनचारदा वाटलं, खिडकीतून सोडून द्यावं. वारा चांगला होता. पण खिडकीजवळ त्या बसल्या होत्या.

डॉक्टर म्हातारे, जाड चष्म्याचे, पांढऱ्या मिशांचे. बंगल्याच्या व्हरांड्यात तपासतात. त्यांनी फोटो खिडकीकडे धरला. बराच वेळ पाहिला. कोपऱ्यांची रिव्हेटची भोकं पाहिली. मग हिंदीत म्हणाले की इतकं सारखं, इतकं सुंदर हाड या वयात त्यांनी पाहिलं नाही. कुठे चीर नाही, काही नाही. वर्ध्याला उगाच घाबरवलं असेल. माताजी, काठी सोडा. भीतीने लंगडता आहात. उठा, माझ्यासमोर चालून दाखवा.

सासूबाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी काठी ओमप्रकाशच्या हातात दिली. खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि उजव्या पायावर भार द्यायला लागल्या. तोंडाने तो बारीक आवाज.

माझी शुद्ध भाषा तिथेच सुटली. मी ओरडलो, "आई, बसा! बसा खाली! थे हाड मी काढलं हाये!"

सासूबाईंनी घाबरून आपला खुबा चाचपला. ओमप्रकाश माझ्याकडे पाहत राहिला. डॉक्टरांनी विचारलं, कब निकाला? कैसे निकाला?

मी म्हटलं, पोस्टर कलरने.

मग सगळं सांगावं लागलं. गोरा, काच, सोडा. डॉक्टरांनी अंगठा ओला करून फोटोवर घासला. अंगठा काळा झाला. ते हसले नाहीत. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी फक्त विचारलं, आणि या पडल्या असत्या तर?

मी ओमप्रकाशच्या हातातली काठी घेऊन सासूबाईंना दिली.

गावात दुसरीकडे नवीन एक्सरे काढून आणला. चीर आहे. जुळत आली आहे, पण अजून दोनतीन महिने काठी सोडायची नाही, पायावर भार नाही, रोहण्याला तर जायचंच नाही. जुना फोटो असता तर किती जुळलं ते नक्की सांगता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे न पाहता म्हणाले.

परतीच्या बसमध्ये नव्या फोटोचं पाकीट ओमप्रकाशने स्वतःच्या मांडीवर ठेवलं. सासूबाई मध्ये बसल्या होत्या. बस उडाली की त्यांनी माझाच दंड धरला. सवयीने असेल.

१५ नोव्हेंबर, दिवाळी
महादेवरावांनी विचारलं, कन्याकुमारी कधी? मी दार लावून घेतलं.

सुलोचना माझ्याशी बोलते, पण भिंतीला सांगितल्यासारखी. "पाणी तापलं हाये." कोणासाठी ते सांगत नाही.

२१ नोव्हेंबर, रविवार
ओमप्रकाश गाडी रोहण्याला नेऊन ठेवतो म्हणाला. मी अडवलं नाही. त्याआधी एक फेरी करून पिप्यांत आईसाठी तिकडचं काय काय आणायचं त्याची त्याने बहिणीशी चर्चा केली. हरभरा, लसूण, तिची जुनी गोधडी. सीटवर तो एका टांगेत चढला आणि त्याचे पाय दोन्हीकडून व्यवस्थित टेकले. मला म्हणायचं होतं, बघ, मुळात डिझाइन चुकीचं नव्हतं. म्हटलं नाही. हे मी या वहीत पहिल्यांदाच लिहितो आहे की काही म्हणायचं होतं आणि म्हटलं नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार
तो आज गेला. स्टेशनवर मी पोचवायला गेलो. मनात सगळी वाक्यं लावून ठेवली होती. तो रागावला असता तर माझ्याकडे उत्तरं होती, दोनतीन चांगली होती. गाडी हलायच्या आधी तो वाकला आणि रीतीप्रमाणे माझ्या पाया पडला. "आईले पाहजा," म्हणाला, आणि डब्यात चढला.

स्टेशनवरून चालत आलो. उगाच लांबच्या रस्त्याने.

५ डिसेंबर, रविवार
दुपारी सासूबाई खाटेवर पडल्या होत्या. मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलतील. बोलणं खाल्लं की मोकळं होता येतं, म्हणून मी लगेच गेलो.

म्हणाल्या, "जवाईबापू, तुमी काढलेलं हाड त्या डाक्टरलेई खरं वाटलं." थट्टा नव्हती. कौतुक होतं. मग लुगड्याच्या काठाशी चाळा करत म्हणाल्या, "यायचा फोटू नाई घरात. काढतो काढतो म्हणत राहूनच गेला. तुमी त पाह्यलं व्हतं यायले. माणसाचा चेहरा त हाडापेक्षा सोपा असन ना? काढून द्या एखादा. पडल्या पडल्या पाहत जाईन."

'हे' म्हणजे सासरे, किसनराव. चार वर्षांपूर्वी गेले. लग्नानंतर दर दिवाळीला मी त्यांच्यासमोर बसून जेवलो आहे. माझ्या ताटातलं संपलं की तेच सुलोचनाला हाक मारायचे.

मी म्हटलं, त्यात काय, आजच देतो. नवा कागद ताणून लावला. पेन्सिलीला टोक केलं. सुलोचनाने न सांगता कंदील पुसून आणून ठेवला आणि बराच वेळ मागे उभी राहिली.

टोपी काढली. टोपी पांढरी, डावीकडे जरा कललेली, पुढे घामाचा डाग. टोपी अगदी बरोबर आली.

तिच्या खाली काय होतं ते आठवत नाही. नाक कसं होतं, मिशी होती की नव्हती. डोळ्यांचं तर काहीच नाही. मी त्यांच्याकडे कधी पाहिलंच नसावं. सुलोचनाला विचारता येईल. विचारलं की तिला कळेल.

सासूबाई आतून विचारत होत्या, झाला का? मी म्हटलं, सुकतो आहे.